प्रभाग दोनचा बेलभंडारा

डिसेंबर २०२१च्या पहिल्या आठवड्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यातल्या स्थानिक संस्थांमधील ओबीसी राखीव जागांची निवडणूक थांबवली. मी तेव्हा बारामतीत एका दैनिकाच्या कचेरीत होतो. बातमी मीच लिहायला घेतली. चार ओळी झाल्यावर लक्षात आलं की थांबलेल्या जागांमध्ये माझ्या धाकट्या बहिणीचीही एक जागा आहे.

बहीण इंदापूर तालुक्यात, पळसदेवच्या पुढच्या एका गावात दिलेली. सासरची माणसं भाजीपाला पिकवतात, राहतात गावाबाहेर वस्तीवर. वस्तीसमोर उजनीचं पाणी दिसतं, पण ते पिता येत नाही. गावातून आलेली नळाची पाइपलाइन वस्तीच्या शंभर पावलं अलीकडे टोपण लावून बंद केलेली. वस्तीचं माणूस पंचायतीत गेल्याशिवाय ती पुढे सरकणार नाही, असं बहिणीचं म्हणणं. प्रभाग दोनमधली ओबीसी महिलेची जागा रिकामी झाली, पोटनिवडणूक लागली आणि तिने अर्ज भरला.

अर्जाआधी महादेवाच्या देवळात बैठक झाली. त्या गावात पोटनिवडणूक बिनविरोध करायची रीत आहे. एकाचं नाव ठरतं, बाकीचे देवासमोर बेलभंडारा उचलतात आणि मग कुणी आडवं जात नाही. गावात शब्द चालतो तो तात्यांचा. ऊस मोठा, भावकी त्याहून मोठी. बहिणीचं नाव ठरलं आणि त्यांनी बेल आणि भंडारा हातात घेतला. बैठकीला मीही गेलो होतो; शपथेचा कागद लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी पेपरवाला.

कुणी तरी म्हणालं, "पोरीचं नाव लिवा."

मी नको म्हणालो. तो कागद बाहेर गेला तर उमेदवारांवर दबाव आणल्याची तक्रार होईल, असं मी समजावलं. नावाऐवजी अधिसूचनेत होती तशी जागा लिहिली: प्रभाग दोन, नागरिकांचा मागास प्रवर्ग, महिला. या जागेसाठी आम्ही दुसरं कुणी उभं करणार नाही. खाली तात्यांची सही घेतली आणि कागद देवळातल्या पेटीत ठेवला.

तिचा अर्ज एकटाच आला. छाननी व्हायच्या आत न्यायालयाचा आदेश आला. पुढच्या आदेशाने त्या जागा सर्वसाधारण झाल्या. काही दिवसांनी पंचायतीच्या फळ्यावर नवी नोटीस लागली: प्रभाग दोन, सर्वसाधारण महिला. अर्ज नव्याने भरायचे होते. जात पडताळणीच्या पावतीसाठी बहिणीने पुण्याला तीन फेऱ्या मारल्या होत्या. ती पावती आता लागणार नव्हती.

शेवटच्या दिवशी मी मोटरसायकलवरून इंदापूरच्या तहसील कचेरीत गेलो. मुदत दुपारी तीनपर्यंत. दोन वाजता बहीण टेबलासमोरच्या रांगेत होती, तिच्यापुढे एकच जण होता. सव्वादोनला तात्या आले. मागे त्यांची धाकटी सून, हातात अर्जाची फाइल.

बहीण म्हणाली, "तात्या, तुमी बेलभंडारा उचललाय."

"उचललाय की. न्हाय कुठं म्हणतोय?" तात्यांनी बंडीच्या खिशातून घडी काढली आणि माझ्याकडे धरली. "पाव्हणं, अक्षर तुमचंच हाय नव्हं?"

"माझंच."

"मग वाचा. मोठ्यानं वाचा, समद्यांना कळू द्या."

मी वाचलं.

"ह्यात तुमच्या भणीचं नाव कुठं हाय?"

"नाही."

"आन् ही जागा आता हाय का?"

"नाही."

"मग देव कशापायी कोपंल?" त्यांनी घडी परत खिशात घातली. "पेपरवाल्यांचं बरं असतंय. एक शब्द इकडचा तिकडं हुत न्हाय."

रांगेतल्या दोघांना हसू आलं. टेबलामागच्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "ताई, अर्ज देताय का? की भांडण संपल्यावर?"

"देतेय साहेब." बहिणीने कागद पुढे केले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादा, तू तवा नाव लिवलं असतंस, तर झाली असती ती तक्रार. निस्तरली असती मी."

कारकुनाने पोच दिली, तिच्यावर वेळ टाकली: दोन वाजून बत्तीस मिनिटं. तात्यांच्या सुनेची पोच दोन एक्केचाळीसची. तीन वाजता शिपायाने दार ओढून घेतलं.

छाननीत दोन्ही अर्ज वैध ठरले. माघारीच्या दिवशी मी पुन्हा कचेरीत होतो. तात्या आले नाहीत, त्यांची सूनही नाही. बहीणही आली नाही, ती दिवसभर वांग्याच्या तोडणीला होती. प्रभाग दोनमध्ये पोटनिवडणुकीसाठी पहिल्यांदाच मतदान लागलं. जानेवारीत शाळेच्या खोलीत यंत्र आलं. वस्तीवरची माणसं सकाळीच मत देऊन आली. भावकी दुपारनंतर निघाली, ट्रॉलीतून.

मोजणी दुसऱ्या दिवशी इंदापुरात झाली. प्रभाग दोनचा निकाल पाच मिनिटांत लागला. तात्यांची सून निवडून आली.

तो कागद तात्यांनी देवळातल्या पेटीत परत ठेवला, असं पुजारी सांगतो. मी पाहिलेला नाही.

गेल्या महिन्यात वस्तीवर गेलो होतो. पाइपच्या टोपणापासून बहिणीच्या दारापर्यंत चालत गेलो. एकशे चार पावलं भरली.