आलं-लसणाची बरणी

माझी बदली तलासरीला झाली तेव्हा मला सगळ्यात आधी काळजी लागली ती आमच्या कुत्रीची. नरपडहून तलासरी काही परमुलूख नव्हे, पण ही बाई गाडीत बसली की पहिल्याच वळणाला ओकते. मागे तिला बोर्डीला नेलं होतं, तेव्हा शेजाऱ्यांच्या गाडीची सीट मी घासघासून धुतली, तरी शेजारी कितीतरी दिवस माझ्याशी तोंडदेखलं हसत होते. आणि आताही गाडी त्यांचीच मिळणार होती.

डहाणूच्या गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते कुत्री-मांजरंही बघतात. म्हणाले, "निघायच्या थोडं आधी ताजं आलं सोलून किसा आणि अगदी चिमूटभर भातात कालवून द्या. जास्त नको, पोट बिघडेल. गाभण नाही ना? दुसरं काही औषध? ऑपरेशन ठरलंय? नाही ना, मग हरकत नाही." मी विचारलं, चिमूट म्हणजे कुणाची, माझी की माझ्या नवऱ्याची? ते हसले. मला काही हसू आलं नाही. मी जात्याच घाबरट, कुत्री शिंकली तरी माझं जेवणावरचं मन उडतं.

सासूबाई ओट्याशी उभ्या राहून ऐकत होत्या. "एवढ्याशानं काय होतंय? मुंगीला पुरेल ते," म्हणाल्या.

निघायच्या सकाळी मी चिमूटभर आलं भातात कालवून तिला भरवलं आणि पेट्या बांधायला गेले. नवरा पुढे जाऊन खोली झाडूनपुसून घेत होता. गाडीत मी, सासूबाई, आमच्या पायांशी कुत्री आणि पुढे गाडी चालवणारे शेजारी. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, ही आपली शांत. डहाणू मागे पडलं तेव्हा मी कौतुकाने वाकून तिच्या तोंडाला तोंड लावलं, आणि मला लसणाचा भपकारा आला.

"आई, तुम्ही हिला काही दिलंत?"

"दिलं की थोडं. तू पेट्या बांधत होतीस तेव्हा. भाकरीला चमचाभर आलं लावून दिलं. बघ कशी गपगार बसलीय."

"कुठलं आलं?"

"बरणीतलं. आणखी कुठलं?"

आमच्या घरात आलं आणि लसूण कधी वेगळं राहिलेलंच नाही. सासूबाई दोन्ही एकत्र वाटून बरणी फ्रिजमध्ये ठेवतात. कोलंबीला तीच, बोंबलाला तीच, डाळीलाही तीच. आलं लागलं की हात आपोआप त्या बरणीकडे जातो. लसूण कुत्र्यांना विषासारखा, हे मला ठाऊक होतं, पण घरात सांगायचं कधी सुचलंच नव्हतं.

डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "लगेच घेऊन या, ओकवून टाकू." शेजाऱ्यांनी तिथल्या तिथे गाडी वळवली. आयुष्यभर ओकणारी ही बाई, आणि आज मी तिची मान धरून विनवतेय, ओक गं बाई, इथेच ओक, सीटवर ओक. ती माझ्याकडे बघून शेपटी हलवत होती. मला संताप आला. सासूबाईंकडे न बघता म्हणाले, "न विचारता कशाला हात लावता तुम्ही?" त्या पदराचं टोक पिळत राहिल्या.

डॉक्टरांनी सुई दिली आणि कुत्री भडभडून ओकली. भाकरीचे तुकडे बाहेर पडले. "बरंचसं निघालंय," ते म्हणाले. "पण लसणाचा परिणाम उशिरा दिसतो. काही दिवस हिरड्यांवर लक्ष ठेवा. पांढुरक्या पडल्या, लघवी लालसर झाली किंवा मरगळली, तर तडक आणा."

तलासरीच्या नव्या खोलीत सामान तसंच पडून राहिलं. मी सारखी तिचा ओठ उचलून बघायची. सासूबाईही बघायच्या, पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. "अगं, बघ ना, गुलाबी आहेत ना?" विचारायच्या. मी "हो" एवढंच म्हणायचे. कामावरून धावत घरी यायचे तर त्या कुत्रीशेजारी जमिनीवर बसलेल्या असायच्या. रागाने मी त्यांना जेवलात का, हेही विचारत नव्हते.

शेवटी डॉक्टरांनी तिला पुन्हा तपासलं आणि आता भीती नाही म्हणाले. घरी आल्यावर मी पहिल्यांदा पोटभर जेवले. हात धुऊन वळले तर सासूबाई ताट पुढ्यात घेऊन तशाच बसलेल्या. कुत्री त्यांच्या गुडघ्याला नाक लावून आशाळभूतपणे बघत होती. ज्या बाईने माझ्या आधी तीस-चाळीस वर्षं नरपडचं घर चालवलं, मला पहिली भाकरी थापायला शिकवली, तिने कोरड्या भाकरीचा तुकडा माझ्यापुढे धरला.

"नुसती भाकरी आहे गं. देऊ का हिला?"

"द्या ना, आई," मी म्हणाले. तरी त्यांचा हात तसाच थांबला होता. मी तुकडा नीट बघून मान हलवली, तेव्हाच त्यांनी तो तिच्या तोंडात घातला.