त्रिंकोमालीची हरणं

पोलोग्राउंडच्या वर्कशॉपमधून काल संध्याकाळी जळक्या तेलाचा वास आला आणि आमची मिल बंद झाली तो दिवस आठवला.

त्या दिवशी भोंगा वाजलाच नाही. आमची बायको भोंग्यावर चूल पेटवायची, म्हणून मी गेटवरून परत आलो तरी चूल थंडच. मी भिंतीकडे तोंड करून पडलो. तिनं चूल पेटवली आणि बापाची गोष्ट काढली. तिचा बाप महूचा. लढाईत तो सिलोनला, त्रिंकोमालीत, गोऱ्यांच्या आरमाराच्या तळावर होता. कड्यावर महादेवाच्या पाडलेल्या देवळाची जागा, त्याच्या खाली किल्ला, लांब जंगलात तेलाच्या टाक्या. जपानी विमान आदळलं तेव्हा एक टाकी कित्येक दिवस जळत होती म्हणे.

"पुढं गोरे गेले," ती म्हणाली, "पण किल्ल्यातली हरणं अजून तिथंच चरतात."

"आपण काय हरणं आहोत?" मी खेकसलो.

"नाही हो. हरणं वेळेवर खातात. उठा, रोटी ठंडी हो रही है."

मला हसू आलं. उठून जेवलो.

तेव्हा वाटलं, हिला घर बुडाल्याचं काहीच नाही. आज वाटतं, घाबरली होती म्हणूनच एवढं बोलत होती.

ती जाऊन महिना झाला. काल सुनेनं ताट वाढलं. मी मनातल्या मनात त्रिंकोमाली सांगायला लागलो. देऊळ झालं, किल्ला झाला, टाक्या झाल्या. हरणांपाशी आलो आणि थांबलो. उठा म्हणणारं कोणी नव्हतं. सुनेनं ताट तसंच उचलून नेलं.