परत केली का?

साळवेकाका किराण्याची यादीसुद्धा कार्बन घालून लिहीत. वरचा कागद दुकानदाराला, खालचा स्वतःच्या खिशात. भिंगारच्या लष्करी डेपोत त्यांनी आयुष्यभर स्टोअरकीपरची नोकरी केली होती. निवृत्त झाले तरी हाताची सवय सुटली नव्हती. मूळचे मिरजगावकडचे. 'प्रत' म्हणायला जीभ वळायची नाही, ते 'परत' म्हणत. "मास्तर, एक परत म्हंजे एकबी न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी टोकायचो, "काका, परत नाही, प्रत." "तेच तर म्हनतोय की मी, परत!"

मास्तर म्हणजे मी. सत्त्याण्णव साली भिंगारमध्ये किराणा दुकानाच्या वरच्या खोलीत मी कॉम्प्युटर क्लास काढला होता. वय पंचवीस, मशीन एक आणि अक्कल स्वतःच्या मते चिक्कार. काका पहिल्यांदा जिना चढून आले तेव्हा हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत पेन्सिलीनं लिहिलेल्या चिठ्ठ्या, शेकड्यानं.

"ही नावं हायेत," ते म्हणाले. "आमच्या लोकांची. छप्पन सालाच्या आधीची आन् नंतरची."

मग सावकाश बसून त्यांनी सांगितलं. त्यांचं स्वतःचं पाळण्यातलं नाव कचरू. धर्मांतर झालं तेव्हा एकोणीस वर्षांचे होते, त्या साली ते आनंद झाले. घराघरांत असंच झालं होतं. कुणी दगडू होता तो गौतम झाला, कुणी धोंडाबाई होती ती सुजाता. "लोकांनी आमाला नावं ठेवली ती ठेवली, वर पोरांची नावंबी बरी ठेवू दिली न्हाईत," ते म्हणाले. निवृत्तीनंतर ते एसटीनं गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांना विचारत होते: जुनं नाव काय, नवं काय, कुणी सुचवलं.

मी बावळटासारखं विचारलं, "टाकलेली नावं कशाला गोळा करायची?"

"नाव टाकलं ते झ्याक केलं. पर त्या नावानं हाका खात ज्यांनी दिवस काढले, ती मानसं बी टाकायची व्हय?"

 दुसऱ्या दिवसापासून टाइप करायला बसलो.

चिठ्ठ्यांना मात्र कार्बन नव्हता. म्हातारी माणसं कार्बन बघून बिचकत, हे सरकारी काम आहे असं त्यांना वाटे. शिवाय काकांनी प्रत्येकाला शब्द दिला होता की पक्की यादी झाली की चिठ्ठी जाळून टाकीन. कुणाच्या हाती पडली आणि उद्या शाळेत नातवंडांना चिडवलं तर? डेपोचा नियमही तोच होता. पक्की यादी झाली, तिची दुसरी प्रत झाली, की कच्चा कागद नष्ट करायचा.

वर्षभरात सगळं टाइप झालं. राहिली दुसरी प्रत. फ्लॉपींचा डबा काकांनी स्वतः आणून दिला. तेवीस-चोवीस फायली होत्या. नुसत्या उतरवून घेतल्या असत्या तर अर्ध्या तासाचं काम. पण मला बॅकअपचं सॉफ्टवेअर हवं होतं! फुकटातली तीन माझ्या नजरेत होती. एक मशीनबरोबरच आलेलं. दुसरं पुण्याच्या मित्रानं दिलेलं, ते मध्येच अडकून बसायचं. तिसरं एका मासिकाच्या सीडीवर होतं. ही सीडी काकांनीच त्यांच्या जुन्या साहेबांच्या मुलाकडून आठ दिवसांच्या बोलीवर मागून आणली होती. ते सॉफ्टवेअर सगळ्या फायली दाबून चार फ्लॉपींत बसवायचं, पण एक फ्लॉपी बिघडली की चारही गेल्या. मी वहीत तक्ता आखला. वेग, जागा, भरवसा, गुण दहापैकी.

काका तक्ता बघून हसले. "तिन्ही फुकट हायेत ना? मग पोरी बघितल्यागत काय बघत बसलाय? जे उघडून डोळ्यांनी वाचता येतं ते घे."

"काका, हे असं घाईनं होत नसतं."

पंधरा दिवस गेले. तक्त्यात रकाने वाढले, फ्लॉपी कोऱ्याच राहिल्या. आठ दिवसांच्या बोलीची सीडी मी पंधरवड्यानं, लाजेकाजेस्तव, साहेबांच्या मुलाला देऊन आलो.

दोन दिवसांनी काका लेकीकडे कोल्हारला निघाले होते. पिशवी खांद्याला, एसटीची घाई, जिन्याखालूनच त्यांनी ओरडून विचारलं, "मास्तर, परत केली का?"

"केली की! परवाच!" मी वरून ओरडलो.

"झ्याक!" म्हणाले आणि गेले.

मी सीडीचं सांगितलं होतं, त्यांनी यादीचं विचारलं होतं. वर्षभर ज्या शब्दावरून त्यांची थट्टा केली, तोच शब्द त्या दिवशी माझ्या कानाला कळला नाही.

पुढच्या आठवड्यात वीज गेली, आली, पुन्हा गेली आणि अशी काही आली की मशीन बंद पडलं. नगरच्या दुरुस्तीवाल्यानं हार्डडिस्क कानाशी धरली, आतली टकटक ऐकली आणि मान हलवली. पुण्यालाही नेऊन आणली. काही निघालं नाही. मला धीर एवढाच होता की काकांकडे चिठ्ठ्या आहेत. लाज वाटेल, पण पुन्हा टाइप करू.

सकाळी काकांच्या घरी गेलो तर ते अंगणात अंघोळीच्या बंबात लाकडं सारत होते. मी सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "मग दुसऱ्या परतीवरनं चढव. केली म्हनालास ना."

"काका, मी सीडीचं म्हणत होतो."

त्यांनी हातातलं लाकूड खाली ठेवलं. मग बंबाकडे बोट केलं. "चिठ्ठ्या हितं घातल्या. कोल्हारास्नं आल्या आल्या. मानसांला शबूद दिल्ता."

शिव्या घातल्या असत्या, मुस्काटात दिली असती, तर मला बरं वाटलं असतं. काका म्हणाले, "चूक माजी हाय. डेपोत आमी नष्ट करायच्या आधी दोन सह्या घेत हुतो. तुजी घेतली न्हाई." माझी चूक त्यांनी स्वतःच्या नावावर मांडून घेतली, आणि मी शहाणा ती मांडू दिली. "नाही काका, माझीच" एवढंसुद्धा मी तेव्हा बोललो नाही.

काकांनी सगळं पहिल्यापासून सुरू केलं. कोण बिचकतं कोण नाही हे न बघता या वेळी कार्बन घालून. पण सांगणारी माणसं थांबली नव्हती. कोल्हारच्या दोन म्हाताऱ्या त्याच उन्हाळ्यात गेल्या. मिरजगावात तीन घरं अशी, की जुनं नाव ठाऊक असलेलं कुणी उरलंच नव्हतं. मी एकदा म्हणालो, "काका, तुम्हाला तोंडपाठ असतील ना?" "येवढी ध्यानात राहिली असती, तर लिवून कशाला काढली असती मास्तर?"

नव्व्याण्णवच्या थंडीत काका गेले. दहा-बारा दिवसांनी त्यांची लेक क्लासवर आली आणि तिनं एक वही पुढे ठेवली. निळ्या कार्बनच्या अक्षरांची, वर लिहिलेलं: 'दुसरी परत. मास्तरांकडे.' उघडून बघितली. नव्या नावांचा रकाना भरलेला, जुन्या नावांच्या रकान्यात मध्येमध्ये रिकाम्या जागा. प्रत्येक पानाखाली दोन सह्यांची सोय. एक त्यांची, केलेली. दुसरी माझी.

"बाबा म्हणाले होते," लेक म्हणाली, "रिकाम्या जागा मास्तरला दाखव. टाइप त्यानंच केलंय, त्याला आठवत असतील."

टाइप मीच केलं होतं. एकूण एक नाव माझ्या बोटांखालून गेलं होतं, आणि माझं सगळं लक्ष मिनिटाला किती शब्द होतात याकडे. त्या रात्री आणि नंतर कितीदा तरी ती वही घेऊन बसलो. कधी एखादं नाव ओठांवर येतं, पण ते कुणाचं, हे सांगता येत नाही. आणि काकांच्या वहीत अंदाजानं लिहायची माझी हिंमत होत नाही. त्या जागा रिकाम्या आहेत, आणि त्यांच्याखालची माझ्या सहीचीही.