दुसरा रिमोट

मला वाट बघणं जमत नाही. टीव्हीला जोडायच्या सीडीवाल्या गेमवर माझा पहिला राग तोच. नागपूरला नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून मी तो हौसेने घेतला, पण खेळ सुरू व्हायच्या आधी चकती नुसती फिरत बसायची आणि मी खोलीभर येरझाऱ्या घालायची. तेव्हा त्यातली माणसं खरी वाटायची. पाच-सहा वर्षांनी परत लावून पाहिला, तर सगळ्यांचे चेहरे खोक्याला रंग फासल्यासारखे आणि हाताची बोटं एकमेकांना चिकटलेली. एवढ्यात म्हातारा झाला! मला आमचा सिंदीच्या घरचा जुना कॅसेटवाला गेम आठवला. लगेच धाकट्या बहिणीला फोन केला, "दिवाळीत माहेरी येशील तेव्हा दोन्ही लावून बघू. पैज लाव, जुनाच जिंकणार."

"पाहू," ती म्हणाली.

लग्न झाल्यापासून ती माझ्याशी असं मोजूनमापूनच बोलायची आणि का ते मला कळत नव्हतं. त्याने जीव नुसता टांगणीला लागला होता. लहानपणी दोघी तो गेम खेळायचो त्या उन्हाळ्यातल्या दुपारी परत आल्या तर बहीणही परत येईल, असं मी मनाशी धरून चालले होते.

तो जुना गेम नव्वदच्या दशकात बाबांनी नागपूरच्या बर्डी बाजारातून आणलेला. कॅसेटवर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम लिहिलेले, निघाले जेमतेम वीस. बाकी तेच ते, रंग बदलून. बाबा कापसाचे व्यापारी, बैलबंडीतल्या कापसात हात घालून ओल ओळखणारे, पण कॅसेटवाल्याने त्यांनाही गंडवलं. आमचं मात्र एका टँकच्या गेमवर भागलं. खाली विटांचा किल्ला, तो दोघींनी मिळून राखायचा. भिंतीवरच्या बोर्डात जागा दोनच, एक टीव्हीची आणि एक कूलरची. त्यामुळे भर मे महिन्यात कूलर काढून तिथे गेम लागायचा.

आई ओरडायची, "काऊन वं पोरीहो, उबून मरता का?" आम्हाला ऐकू कुठे येतंय!

दिवाळीत सिंदीला आधी सीडीवाला लावला. ती दोन जांभया देऊन मोकळी झाली. मग जुना काढला, कॅसेट फुंकली, दोनदा वरखाली केली आणि पडदा उजळला. चौकोनी टँक, चौकोनी विटा. तेव्हाही चौकोनच होते, म्हातारं व्हायला त्यात होतंच काय?

"बघ, जिंकला की नाही!" मी पहिला रिमोट उचलला आणि सवयीने दुसरा तिच्याकडे सरकवला. खेळता खेळता मी तिच्या शौर्याची गोष्टही सुरू केली. ती मी आजवर शंभर जणांना सांगितली असेल. उन्हाने हिचा घोळणा फुटला, फ्रॉकवर रक्त टपकत होतं, तरी पोरीने किल्ला सोडला नाही!

"मी तुले तीनदा म्हटलं होतं, ताई, थांबव म्हणून," ती पडद्याकडे बघतच म्हणाली. "तू म्हणे, एवढा टँक मारू दे."

"मग तू थांबवायचं होतंस ना!"

तिने आपला रिमोट माझ्यासमोर धरला. चार दिशा आणि गोळी मारायची दोन बटणं. खेळ थांबवायचं बटण फक्त पहिल्या रिमोटला होतं. इतक्या वर्षांत दुसरा मी कधी हातातच घेतला नव्हता.

"उठली असती तर किल्ला गेला असता. मंग तू दोन दिवस बोलली नसती," ती म्हणाली. "आताही तसंच हाय. फोनवर तुह्यं सांगून झालं का ठेवून देतं."

 मला लाज वाटली आणि रडूही आलं. मी पहिला रिमोट तिच्या मांडीवर ठेवला, तिचा घेतला आणि आम्ही पुन्हा सुरुवातीपासून खेळू लागलो.

दोन मिनिटं झाली असतील. माझा टँक अगदी नेम धरून उभा होता, तेवढ्यात तिने ते बटण दाबलं. सगळं जागच्या जागी थांबलं.

"चहा ठेवून येतो," ती म्हणाली आणि रिमोट सोबत घेऊन, वायर पुरेल तिथवर, दाराशी ठेवून आत गेली.

मी माझ्या रिमोटची सगळी बटणं दाबून पाहिली. टँक हलला नाही. आत ती आईशी निवांत बोलत होती. दाराशी जाऊन ते बटण दाबणं काही अवघड नव्हतं. मी बसून राहिले.