पहिल्या मशीनवरचं रक्त

साल पंच्याण्णव. मी सेहेचाळीस वर्षांचा. कुकटपल्लीच्या आमच्या कारखान्यात कॉलेजची पोरं बघायला आली होती. साबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, मला दारातल्या पत्रा कापायच्या जुन्या प्रेस मशीनजवळ उभं केलं आणि हसत हसत पोरांना म्हणाले, "या मिस्त्रीला पण तीच संधी होती. हाच शेड, हीच मशीन. मी कुठं गेलो, हा कुठं राहिला. फरक कशाचा? स्वप्नाचा."

तेलुगूत बोलले. मला तेलुगू कळतं.

पोरं हसली. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत माझा पोरगा होता. डिप्लोमाचा त्याचाच वर्ग.

मग साबांनी प्रेसवर हात ठेवला. "माझं रक्त सांडलंय या मशीनवर." त्या हाताची बोटं सगळी शाबूत.

रक्त माझं. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं त्या प्रेसनं घेतली. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसच्या तोंडाला लोखंडी जाळी असते. जाळी असली की काम सावकाश होतं. पहिली मोठी ऑर्डर होती, साबांनी जाळी काढायला लावली. ऑर्डर वेळेवर गेली. बोटंही गेली. साब मोठे झाले ते त्या ऑर्डरीपासून.

एका पोरीनं मला विचारलं, "अंकल, आप क्यों नहीं बने साब जैसे?"

मी हात जोडले. नुसते जोडले. साब म्हणाले, "शर्माता है."

आता साब वाईट माणूस होते असं म्हणायला मी बसलो नाही. मेहनती माणूस. पत्र्याच्या शेडात आमच्या शेजारी जमिनीवर झोपले. माझ्या डब्यातली भाकरी खाल्ली. त्या वर्षांत जिकडंतिकडं हेच, धंद्याची सरकारी परमिटं गेली, बाहेरच्या कंपन्या आल्या, जो तो उद्योगपतींची नावं घ्यायचा. मीही घ्यायचो. पेपरात साबांचा फोटो आला की कापून मीच भिंतीला लावायचो. मी तिसरी शिकलेला, उदगीरकडून पोट घेऊन आलेला. पोराला सांगायला माझ्याकडं दुसरं कोण होतं? व्हायचं तर साबांसारखं हो, हे त्याला मीच शिकवलं.

संध्याकाळी जेवताना पोरगा म्हणाला, "बा, साब खरंच बोलले ना? तुमच्यात जिद्दच नव्हती."

बायको म्हणाली, "गप रे. बापाच्या हाताकडं बघून बोल."

"हात बेपर्वाईनं गेला म्हणे. साबांनीच सांगितलं आमच्या सरांना."

मी ताट सारलं. मग सगळं सांगितलं. जाळी कोणी काढायला लावली, रक्त कोणाचं, सगळं. पोरानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग तिथंच का नाही बोलले? हात जोडून कायकू उभे होते?"

मी उठलो, हात धुतला.

पुढचं आधीच सांगून टाकतो. चांगलं काही झालं नाही. नोकरी गेली. माझ्या बाजूनं कुणी तोंड उघडलं नाही, त्यांनाही पोटं होती. तुटक्या हाताला कुठं काम मिळालं नाही. साबांचे सत्कार चालूच राहिले, आणि ती मशीन अजून दारात आहे. पोरं येतात, रक्ताची गोष्ट ऐकतात, उठून उभी राहतात. माझा पोरगा माझं खरं धरतो का साबांचं, मला माहीत नाही. मी विचारत नाही.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर गेलो. साब जपान बघून आल्यापासून भोंगा वाजला की सगळ्यांनी ओळीत उभं राहायचं आणि साब सांगतील ते वाक्य मोठ्यानं म्हणायचं, अशी पद्धत होती. साब म्हणाले, "यह कारखाना मेरा घर है." सगळी ओळ म्हणाली. मी नाही म्हणालो. आवाज थांबल्यावर उजवा हात वर केला.

"साब, प्रेस पे गिरा सो खून मेरा है. जाली तुम निकलवाए थे. आज कॉलेज के दूसरे क्लास के बच्चे आ रहे, उनको यह बोलो. नहीं बोले तो मैं बोलता."

साब हळूच म्हणाले, "मिस्त्री, घर जाओ."

मी घरी गेलो नाही. प्रेसच्या पुढ्यात जाऊन बसलो आणि पोरांच्या बसची वाट बघू लागलो.