सरकलेला जावई

मी माणसं बसवायची इलेक्ट्रिक रिक्षा आणायला गेलो आणि माल वाहायची घेऊन आलो. शोरूमवाल्यांनी फसवलं नाही, कागदात घोळ झाला नाही. मी स्वतःच्या तोंडानं 'हो' म्हणालो, आणि तेही कन्नडमध्ये, जे मला येत नाही. त्या वेळी शेजारी माझे सासरे बसले होते. त्यांना कन्नड मराठीइतकंच येत होतं.

सासऱ्यांना सीमाभागातलं आमचं सगळं वडगाव परशरामआप्पा म्हणायचं. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा पॉवरलूम. आमच्याकडं त्याला माग म्हणतात. माग सुरू असला की त्या घरात 'चहा घेणार का' हेसुद्धा कानाला तोंड लावून विचारावं लागतं. आप्पांनी या गोंगाटाचा असा काही उपयोग करून घेतला होता, की बोलता सोय नाही. कुणाला काही ऐकवायचं असलं की ते दांडी ओढून माग थांबवायचे. घर एकदम चिडीचूप. त्या शांततेत एकच वाक्य टाकायचे, आणि समोरच्यानं तोंड उघडायच्या आत माग पुन्हा धडधडायला लागलेला असायचा. आप्पांशी भांडून कुणी जिंकल्याचं ऐकिवात नाही, कारण दुसरी बाजू कधी कुणाला ऐकूच आली नाही.

शेजारच्या सुलूआक्कांनी एकदा हौसेनं आपल्या लेकीला आप्पांनीच विणलेली साडी नेसवून दाखवायला आणलं. दुपारी तिला बघायला पाहुणे येणार होते. आप्पांनी माग थांबवला, पोरीकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "आक्का, साडी झकास. पोरीकडं लक्षच जात न्हाय बघा." आणि दांडी ढकलली. पोरीचे ओठ थरथरताना आम्हाला दिसले, आवाज आला नाही. त्यानंतर ती आमच्या दारावरनं जायची बंद झाली.

माझ्या वाट्याला मात्र मान होता. मी येळ्ळूरचा, लग्नानंतर वडगावात राहायला आलेला घरजावई. पण आप्पांनी मला जन्मात अरे-तुरे केलं नाही. सोलायचं तेसुद्धा अहो-जाहो करून सोलायचे. माझी फौंड्रीतली नोकरी गेली त्या दिवशी तोंड पाडून घरी आलो. शालन, म्हणजे माझी बायको, पाणी घेऊन आली. आप्पांनी माग थांबवला. "जावईबापू, भंगार बाहीर काढायला फौंड्रीनं एवढी वर्सं लावली व्हय?" धड, धड, धड. मी काहीतरी बाणेदार उत्तर दिलं होतं. काय ते आता मलाही आठवत नाही.

त्यानंतर घर बापलेकीच्या मागावर चालायला लागलं. ताटात भाकरी आप्पांच्या वाक्यासकट यायची. तेव्हा मी ठरवलं, रिक्षा घ्यायची, बॅटरीवरची, आणि माणसं बसवायची. मला बोलायची लई हौस. बाजाराला निघालेल्या बायका, पेन्शनीतले मास्तर, कोर्टात तारखेला आलेले खेड्यातले लोक मागं बसलेत आणि मी पुढं बसून त्यांना हसवतोय, असं चित्र मला दिवसाढवळ्या दिसायचं. नोकरी गेली, मान गेला. गाडी कसली घ्यायची एवढं ठरवणं तेवढं माझ्या हातात राहिलं होतं.

आप्पांचं मत मालाच्या गाडीचं. "प्याशिंजर काय कामाचं? स्टँडावर नंबर लावून बसायचं आन् माश्या मारायच्या. माल म्हंजे बांधलेलं काम." यात खोटं काही नव्हतं. सूत आणायचं, साड्यांचे गठ्ठे पोचवायचे, हे वडगावात रोजचंच. पण एवढ्यावर थांबतील तर ते आप्पा कसले? "आन् जावईबापू, गठ्ठ्याला कान नस्त्यात. तुमच्या गाडीत बसायला त्येला काय तरास न्हाय."

शालन म्हणाली, "पोट भरंल ती आणा." मी म्हणालो, "माणसंच बसवणार," आणि छाती पुढं काढून शोरूमला निघालो. आप्पा आपण होऊन बरोबर आले. मला तेव्हाच संशय यायला पाहिजे होता.

शोरूममध्ये गर्दी होती. एका सोफ्यावर आप्पा, मधे मी, पलीकडं एक अगडबंब गृहस्थ. बुकिंग घेणारी पोरगी गोकाककडची, कन्नडच बोलायची. "कन्नड येतं ना?" असं तिनं मोडक्या हिंदीत विचारलं. येत नाही म्हणालो तर आप्पा आठवडाभर माग थांबवत राहिले असते. मी म्हणालो, "येतं की!" ती चारदोन वाक्यं भराभर बोलली. मी मान हलवली. मग ती कागद घेऊन माझ्याजवळ आली, थोडी वाकली आणि म्हणाली, "सरकु?"

बिचारी उभी आहे, 'सरका' म्हणून बसायला जागा मागते आहे. एवढं मोडकं मराठी तरी येतंय पोरीला, म्हणून मला कौतुकही वाटलं. मी "हौदु, हौदु", म्हणजे हो, हो, म्हणालो आणि त्या अगडबंबाला ढकलत चांगला वीतभर सरकलो. ती बसली नाही. तिनं लिहून घेतलं. आप्पांनी माझ्याकडं बघितलं, मग छताच्या पंख्याकडं बघितलं. कागद इंग्रजीत होता, मला वाचता आला असता. पण वाचत बसलो तर कन्नड कळलं नाही असं दिसेल, म्हणून खाली झोकात मराठीत सही ठोकली.

गाडी दारात आली त्या दिवशी हार, नारळ, गल्लीतली माणसं, सगळा थाट होता. मी मागं गेलो आणि बघतो तर उघडा हौदा. "शिटा कुठायत?" मी विचारलं. गाडी घेऊन आलेला माणूस म्हणाला, "तुम्हीच सरकु सांगितलंय की."

आप्पा पायरीवर उभे होते. "जावईबापू, कन्नडात सरकु म्हंजे माल. ती इचारत हुती, मालाची गाडी का म्हणून. तुम्ही सरकलासा."

"मग तुम्ही बोलला का नाही तिथंच?"

"तुम्ही कन्नड येतंय म्हणालासा. चारचौघांत जावयाला खोटं कसं पाडू?"

गल्ली पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशीपासून मी 'सरकलेला जावई' झालो, आणि माझ्या हौद्यात पहिला माल चढला तो आप्पांच्या साड्यांचा. त्याआधी गुडघे दुखत असताना ते गठ्ठे सायकलवरनं न्यायचे. मला सगळं समजलं. पण तोवर माग सुरू झाला होता.

खरं सांगायचं तर काम मिळालं. ताटातली वाक्यं मात्र कमी झाली नाहीत. मग आप्पांच्या डाव्या अंगाला लकवा मारला. जीभ शाबूत राहिली. दवाखान्याला न्यायचं तर हौद्यात गादी घालून, साड्यांच्या गठ्ठ्यांत टेकवून न्यायचो. पेट्रोलची गाडी असती तर आवाजात अर्धं बुडालं असतं. ही मेली बॅटरीची, मागचा शब्द न् शब्द पुढं यायचा. "खड्डे मोजून घेताय व्हय?" "बैल बरा, त्येला रस्ता तरी म्हाईत असतोय." आणि एकदा, "प्याशिंजर आणली असती तर मला बसवत हुतासा. झोपायची सोय मी शोरूमच्या सोफ्यावरच बघून ठेवलीती." ते खरं होतं की ऐनवेळी रचलेलं, मला आजवर कळलं नाही.

आप्पा गेले ते दवाखान्यातच. तिथनं घरी त्यांना त्याच हौद्यातनं आणलं. शालन मागं त्यांच्याजवळ बसली होती. मी एकटा पुढं, आणि मला तोंड बंद करता येईना. फौंड्रीपासून शोरूमपर्यंत सगळं मी आप्पांना ऐकवलं. जी उत्तरं आजवर मागात बुडाली होती ती सगळी दिली. मागनं एक शब्द आला नाही. रडत होतो की भांडत होतो कुणास ठाऊक, पण घर कधी आलं कळलं नाही.

आता माग शालन चालवते. परवा मी तिच्या कानाशी जाऊन ओरडलो, "आप्पा तर गेले. ही गाडी विकून माणसं बसवायची घेऊ या काय?"

तिनं दांडी ओढली. घर चिडीचूप झालं.

"जन्मात एकाच माणसानं तुमच्या गाडीत तुमचं सगळं गप पडून ऐकलं," ती म्हणाली, "आन् त्यो मेलेला हुता."