नकाब, स्टिअरिंग आणि ब्लॅक फॉरेस्टचा रस्ता

जर्मनीत रस्त्यावर, बाजारात, ट्रेनमध्ये बाई तोंड झाकून फिरू शकते. गाडी चालवताना मात्र तिला चेहरा उघडा ठेवावाच लागतो, आणि ती ठेवत नाही म्हणून घरात बसते. यात चूक कुणाची? सहलीहून येऊन कितीतरी आठवडे झाले, पण मला उत्तर देता येत नाही. तरी लिहितेय, कारण आमच्या नेकारसुल्म गावाहून शनिवार-रविवारात ब्लॅक फॉरेस्ट कसं करायचं, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी विचारलं होतं. तेही सांगते. पण ही सहल मला नाझनीनला बाजूला ठेवून लिहिता येणार नाही.

नाझनीन चिपळूणची. नवरा इम्रानभाई इथे गाड्यांच्या कारखान्यात मेकॅनिकल इंजिनिअर, मुलगी झोया सहा वर्षांची. घर द्राक्षमळ्यांच्या टेकडीवरच्या एका लहान गावात. शनिवारी दुपारनंतर तिथे बस येत नाही, रविवारी तर नाहीच. नाझनीन चेहऱ्यावर नकाब घेते. तिची आई घेत नाही, सासू घेत नाही. इम्रानभाई तर मला म्हणाले होते, "अहो, मी सांगून थकलो, इथे तरी काढ म्हणून. उलट मलाच दम देते."

आणि ही बाई लग्नाआधीपासून गाडी चालवते. नकाब घालून कुंभार्ली घाट उतरलेली आहे. भारतातलं लायसन्स इथे पहिले सहा महिने चालतं, नंतर परीक्षा द्यावी लागते. म्हणून तिने फारशूलमध्ये, म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं होतं. अडचण नकाबाची होती. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यात चालक ओळखू यावा म्हणून चेहरा झाकायला बंदी आहे. वाहतूक कार्यालयाकडे सूट मागता येते, पण ती सहसा कुणाला मिळत नाही. माझं जर्मन बरं आहे, तेव्हा अर्ज मी लिहावा, अशी तिची इच्छा होती. मी आज-उद्या करत होते.

खरं सांगायचं तर मला तो कायदा पटत होता. माझे बाबा इचलकरंजीला यंत्रमागावर काम करतात आणि घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. शिकले की बाई मोकळी होते, मोकळी झाली की पडदे आपोआप गळतात, हा माझा विश्वास होता. दोन दिवस बाहेर काढली तर तिलाच कळेल, असं वाटून मी सहल ठरवली. इम्रानभाईंची शिफ्ट होती. माझ्या जुन्या छोट्या गाडीत आम्ही तिघी निघालो.

पहिला दिवस कार्ल्सरूहे. आउटोबान महामार्गावर नेहमीचा श्टाऊ, म्हणजे वाहनांची रांग, लागला. तासाभराचा रस्ता, पण शनिवारी दुप्पट वेळ धरूनच निघा. गाडी शहराबाहेर लावून ट्राम घ्या, मधल्या पार्किंग गॅरेजमध्ये तासावर पैसे चढतात आणि जीव जातो. राजवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मूलभूत हक्कांचा एक चौक आहे. मोठमोठे फलक आणि त्यांवर हक्क, न्याय, कायदा यांबद्दल वेगवेगळ्या लोकांची वाक्यं. देशाचं घटना न्यायालयही याच शहरात. मी भारावून एकेक वाक्य मराठीत करून सांगत होते. नाझनीन झोयाच्या बुटाची लेस बांधत ऐकत होती.

तेवढ्यात एक आजी थांबल्या. चेहरा अगदी प्रेमळ. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या मैत्रिणीला सांगा, आमच्या देशात ती मोकळी आहे. तिला हे घालायची गरज नाही." आणि माझा हात थोपटून निघून गेल्या.

"काय म्हणाली गो?" नाझनीनने विचारलं. मी सांगितलं.

"मग मला का नाही सांगितलं? तोंड झाकलंय, कान नाही झाकलेत."

मला हसू आलं, आणि मग मी तोच धागा पकडला. म्हटलं, "पण नाझनीन, त्या वाईट नव्हत्या. खरंच, इथे तुला कोण ओळखतं?"

"तू कॉलेजला स्कूटीवरून जायचीस ना? तोंडाला स्कार्फ बांधून? तू दाखवलेल्या फोटोत तुम्ही चौघी नुसते डोळे."

"ते धुळीसाठी गं. उन्हासाठी."

"नुसत्या धुळीसाठी?"

मग मी खरं बोलले. आमच्या चौकात पानपट्टीवर बसणारी माणसं संध्याकाळी बाबांना सांगायची, तुमची पोरगी इथे दिसली, तिथे दिसली. स्कार्फ बांधला की सगळ्या पोरी सारख्या. त्या स्कार्फमुळे माझी चार वर्षं निभावली.

"मग तुझ्या स्कार्फची चार वर्षं शिक्षणाची, आणि माझा नकाब अडाणीपणाचा?" ती म्हणाली. "बांधायचा कधी आणि सोडायचा कधी ते तू ठरवलंस. मलाही तेवढंच पाहिजे."

मी म्हटलं, दोन्ही एक नाही. ती म्हणाली, "नसेल." आणि झोयाला आइसक्रीम घ्यायला गेली. तिचं ते 'नसेल' मला रात्रभर टोचत राहिलं.

युथ होस्टेलमध्ये फॅमिली रूम मिळते, आधी बुक करा, चादरी आणि सकाळचा नाश्ता भाड्यातच येतो. जेवण आमचं घरचंच होतं. नाझनीनने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी आणली होती. डबा उघडल्याबरोबर मी खिडकी उघडली. ती म्हणाली, "उघड, उघड. कार्ल्सरूहेलाही कळू दे चिपळूण काय असतं."

रविवारी बाडेन-बाडेनवरून ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरमाथ्याचा रस्ता धरला. हा रस्ता चुकवू नका. दोन्ही बाजूंना उंच काळपट झाडं, मध्येच रान उघडतं आणि पश्चिमेला ऱ्हाइनचं खोरं थेट खाली पसरलेलं दिसतं. मोटारसायकलवाले फार, वळणांवर सांभाळा. मुमेलझे तळ्यापाशी गर्दी असते, सकाळी लवकर पोहोचलात तर गाडी लावायला जागा मिळेल. तिथला प्रसिद्ध केक घेताना ज्यांना दारू चालत नाही त्यांनी विचारून घ्या, त्यात चेरीची दारू असते. आम्ही सफरचंदाचा घेतला. नकाब एका हाताने जरासा पुढे धरून नाझनीन खालून घास घेत होती. शेजारच्या टेबलावरचे लोक बघत होते, आणि बघत नाही असं दाखवत होते.

तळ्यानंतर आम्ही खाली उतरणाऱ्या एका आडरस्त्याला लागलो. वाहन नाही, माणूस नाही. नाझनीन अचानक म्हणाली, "थांब. चावी दे."

"नकाब?"

"काढते. गाडीत आपण तिघीच ना."

तिला इथे येऊन सहा महिने अजून पुरे झाले नव्हते, लायसन्स चालत होतं. तिने नकाब सोडून घडी करून मांडीवर ठेवला. तिचा चेहरा कसा आहे ते मी इथे लिहिणार नाही. पण तिचे हात सांगते. गिअर टाकताना ते हात घरी आल्यासारखे वाटले. पहिल्याच वळणावर कळलं, ही माझ्यापेक्षा कितीतरी चांगली चालवते.

"कुंभार्लीपुढे काहीच नाही गो हे," ती म्हणाली आणि गाणं गुणगुणायला लागली. मागून झोया ओरडत होती, "ममा, श्नेलर! श्नेलर!" मुलगी मराठीच बोलते, पण शाळेत नुकतेच उचललेले जर्मन शब्द मध्येच फेकते. आईला ती आणखी जोरात चालवायला सांगत होती. मी खिडकीची काच खाली केली. मनात म्हणत होते, बघ, झालं की नाही. जिंकल्यासारखं वाटत होतं मला.

एका गावात शिरताना वेगाची मर्यादा कमी झाली आणि तिचा पाय जरा उशिरा उचलला गेला. समोरून लाल प्रकाश लखकन चमकला.

"काय होतं ते?"

"ब्लिट्झर. स्पीड कॅमेरा. जास्त नाही लागणार दंड, काळजी करू नकोस."

"फोटो कशाचा काढतो? नंबरप्लेटचा?"

मी खिडकीची काच वर केली. तिने पुन्हा विचारलं, "सुप्रिया, फोटो कशाचा?"

"नंबरप्लेटचा. आणि चालकाचा."

गाव ओलांडून तिने गाडी बाजूला घेतली, इंडिकेटर देऊन, अगदी नीट. नकाब बांधला. गाठ लवकर बसेना. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाली, "नको." मग उतरून शेजारच्या सीटवर येऊन बसली. घर येईपर्यंत एकच वाक्य बोलली. "इथे कोण बघतंय, असं वाटलं होतं मला."

फ्रॉइडनश्टाटवरून परतीचा रस्ता सुंदर आहे म्हणतात. मला त्यातलं काही आठवत नाही.

त्याच आठवड्यात मी तिचा अर्ज लिहिला, जितका चांगला लिहिता येईल तितका. बस नाही, लहान मूल आहे, इतक्या वर्षांत एकही अपघात नाही. नकार आला. चालकाची ओळख पटणं आवश्यक आहे, आणि आठवड्यात बस उपलब्ध आहे. हरकत घ्यायला महिन्याची मुदत होती.

त्याच सुमारास माझ्या पत्त्यावर दंडाची नोटीस आली, कारण गाडी माझ्या नावावर. सोबत फोटो. खाली लिहिलं होतं की मुदतीत पैसे भरले की प्रकरण संपलं. मी दोनदा वाचलं. पैसे भरले तर चालक कोण, हे कुणी विचारणारच नव्हतं! ज्या ओळखीसाठी नाझनीनचा चेहरा हवा होता, ती दंड भरल्यावर कुणालाच नको होती. मी संध्याकाळीच टेकडीवर गेले.

"हेच हरकतीला जोडू," मी म्हटलं. "याहून चांगला मुद्दा मिळणार नाही."

इम्रानभाईंनाही पटलं. "बरोबर आहे. लढायलाच पाहिजे."

नाझनीन चहा गाळत होती. म्हणाली, "जोडायचं म्हणजे हा फोटो पण जाणार?"

"फोटोवर काळं फासू."

"म्हणजे कागदावर नकाब," ती हसली. पण लगेच म्हणाली, "मूळ त्यांच्याकडे आहेच ना? प्रकरण उघडलं की कुणीतरी काढून बघणार. मग वरचा साहेब बघणार. वकील बघणार."

"बघतील," मी म्हटलं.

"पैसे भरलेस तर?"

"तर बंद. पुन्हा कुणी उघडायचं कारण नाही."

"मग बंद कर."

"नाझनीन, हा एकच मुद्दा आहे आपल्याकडे. हा गेला तर तू परत गाडी—"

"कळतंय गो मला. तुझा मुद्दा चांगला आहे. पण तो माझ्या तोंडावर उभा आहे."

इम्रानभाई उठून झोयाच्या खोलीत गेले.

त्यानंतर तिने फारशूलमधून नाव काढलं. आई गाडी चालवेल या भरवशावर लावलेला झोयाचा शनिवारचा पोहण्याचा क्लास बंद झाला. मी नेते म्हटलं, काही शनिवार नेलंही. पण नाझनीनला प्रत्येक वेळी कुणाच्या तरी उपकारावर घराबाहेर पडायचं नाही, आणि मला ते समजतं. परवा फोनवर म्हणाली, चिपळूणला अब्बांची गाडी नुसती उभी आहे. परत जायचा विचार आहे का, हे मी विचारलं नाही.

सहलीचा खर्च विचाराल तर पेट्रोल, होस्टेल, पार्किंग, केक धरून दोघींत फारसा नाही. माझ्याजवळ काय उरलं विचाराल तर माझा तो जुना विश्वास उरला नाही आणि त्याच्या जागी दुसरा आला नाही. तिने नकाब घ्यावा, असं मला आजही वाटत नाही. तिला घरात बसवणाऱ्या कायद्याला मोकळीक म्हणणंही मला आता जमत नाही. मुद्दा माझ्याकडे होता आणि तो बरोबर होता, याचा काही उपयोग झाला नाही.

दंड मी मुदतीच्या आत भरला. फोटो तिच्या स्वयंपाकघरात, तिच्यासमोर बारीक फाडला. हरकतीचा मसुदा पाठवला नाही. ती मुदत गेल्या सोमवारी संपली.